टोन हाये ना जी!

(रंगमंचावर टेबल. त्यावर लँडलाइन फोन आणि शेजारी दिवेवाला चपटा डबा. कलाकार डब्याला वाकून नमस्कार करतो, मग प्रेक्षकांकडे वळतो.)

हसू नका जी. मॉडेम आहे हा. देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ला. मुंबई-दिल्लीवाले तेव्हापासून त्यात पोहून राहिले. भंडाऱ्यात, खात रोडवर, आमच्या घरी ते २००१च्या पावसाळ्यात पोचलं. म्हणजे दारापर्यंत आलं. आत काही येईना.

नेट पाहिजे होतं काकांना. ढोलीत धान पडून होता आणि तुमसरच्या बाजाराचा भाव नेटवर दिसते, असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं.

(काका होऊन, कमरेवर हात) "लाव गा बाळ्या! भाव पाहू. आता यष्टीले पैसे काहून द्याचे?"

लावलं. (नाक दाबून, डब्याच्या आवाजात) "नो डायल टोन. एरर ६८०."

मी रिसीव्हर उचलला. (कानाला लावून) घूंऽऽऽ. टोन आहे! ठेवला. परत लावलं. "नो डायल टोन." काका म्हणाले, "बहिरा दिसते." आणि त्यांनी रिसीव्हर थेट डब्याला टेकवला. "आयक! आयक बे! टोन हाये ना जी!" बे पासून जी पर्यंत आले, पण डबा ऐकेना.

मग मॉडेमच्या दुकानातला पोऱ्या आला. म्हणे, डबा बहिरा नाही, त्याच्या कानाला अमेरिकेची सवय आहे. तिकडच्या टोनमध्ये ३५० आणि ४४० हर्ट्‌झ असे दोन सूर एकत्र वाजतात. आपला टोन ४०० हर्ट्‌झचा, त्यात २५ची थरथर. डब्याला वाटे, हा टोन कुठला, कोणी म्हातारं कण्हून राहिलं! उपाय म्हणून त्यानं सेटिंगमध्ये एक मंत्र लिहिला, 'एटी एक्स थ्री'. म्हणजे टोन ओळखू येवो का न येवो, तू आपला नंबर फिरव.

आजीला हे फार पटलं. "तुह्या आजोबालेही मी हेच सांगत होती. आयकू येवो का न येवो, हो म्हनाचं."

जाता जाता पोऱ्यानं दिवे समजावले. हा पॉवरचा, हा लाइन उचलल्याचा, हा कॅरिअरचा. आणि 'एए' लिहिलेला एक दिवा सतत जळत होता, त्याच्यावर मात्र त्यानं नुसतं बोट ठेवलं. "हा असू द्या."

आता डायल झालं. (तोंडानं) टीट-टीट-टीट... कीईईई... टँव! टँव! खर्रर्रर्र... मंडळी, हे काय आहे? बोलणी आहे! दोन्हीकडची माणसं बैठकीत बसली. (पाटलांच्या थाटात) "आम्ही ५६,०००च्या खाली उतरत नाही." (हात जोडून) "आमच्या लाइनीत जरा खरखर आहे जी." "बरं, ३३,६००?" "जोडात पाणी शिरलं आहे." "२८,८००?" "पावसाळा तेवढा जाऊ द्या..." (टाळी) मोडली सोयरीक!

हळूहळू आमचं घर एररच्या आकड्यांत बोलायला लागलं. बाबांना हाक मारली आणि ओ आली नाही, की आई म्हणे, "६७८." काकू शेजारणीशी बोलत बसली, की ६७६. आणि आजी कोणाचं नाव विसरली, की तीच सांगे, "६९१ झालं बाई."

१९८ वर तक्रार केली. बऱ्याच दिवसांनी लाइनमन भाऊ आले. शिडी लावली, खांबावरची डीपी उघडली. आत मुंग्यांची वसाहत, तारेच्या जोडावर हिरवा गंज. भाऊंनी जोड कापला, तार तासली, नवा पीळ मारला. आता गुंडाळायला काय? त्यांनी शांतपणे खिशातून खर्रा काढला, तोंडात टाकला, पन्नी झटकली आणि जोडाला बांधली. "आता पानी जाते कसं पाहू!"

मंडळी, अमेरिकेनं मॉडेम शोधला असेल, पण भंडाऱ्यात तो खर्ऱ्याच्या पन्नीनं चालला. त्याच संध्याकाळी, ३१,२००वर, बोलणी पक्की!

अडचण एकच राहिली, कॉल वेटिंग. फोनमध्ये 'टुक्' वाजलं की मॉडेमला वाटते पलीकडचा गेला, आणि तो लाइन सोडते. मी म्हटलं, बाबा, बंद करा ते. पण ताईसाठी साकोलीचं स्थळ आलं होतं, त्यांच्या निरोपाची वाट पाहणं सुरू होतं. मधूनच घंटी एकदा वाजे आणि थांबे. आम्ही धावत जाईपर्यंत सगळं शांत. बाबा म्हणाले, "नेट तुटलं त चालते. सोयरीक तुटली त?"

तर बाजारभावाचं पान उघडायला लागलं. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. (डोळे बारीक करून) अहमदनगर... अकोला... अमरावती... सगळं घर माझ्या खांद्यावर. औरंगाबाद... काकांना बोलवा! काका कुठे? चप्पल नाही त्यांची! बीड... आला, आला, भंडाऱ्याचा 'बी' आला...

टुक्!

(स्तब्ध. मग फोन खणखणतो. बाबा होऊन टोपी सारखी करतो, रिसीव्हर उचलतो.) "नमस्कार जी! बोला, साकोलीवाले?"

(काकांच्या आवाजात) "मी होय! तुमसरच्या पीसीओतून बोलून राहिलो. यष्टीनं आलो. लिहून घ्या, भाव पडला. तुमच्या डब्यात उठला का? नाही ना! अन् आयका, साकोलीवाले इथंच बाजारात भेटले. पोरगी पसंत हाये म्हनतेत, पन घाबरून राहिले. म्हनतेत, तुमच्या घरी फोन लावला का एक घंटी होत नाही त कोनीतरी उचलते अन् कानात किंचाळते."

(कलाकार हळूहळू डब्याकडे वळतो. त्या दिव्यावर बोट ठेवतो.) एए... ऑटो आन्सर. आलेला फोन डबाच उचलते!

(रिसीव्हरमधून काका) "हॅलो! काय सांगू त्यायले? किंचाळनारी थे पोरगी होय, का पोरीची माय?"

(अंधार.)