दोरी नसलेलं पेन

"अमेरिकेत मुलाकडे सहा महिने म्हणजे थोडेथोडके नाहीत हो. तिथे बँकेत एक खातं उघडून टाका," असं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला लिफ्टमध्ये सांगितलं. ते स्वतः कर्जतच्या पलीकडे गेलेले नाहीत. पण लिफ्ट मधेच बंद पडली होती आणि दोघांनाही वेळ होता.

मला ते पटलं. मुलुंडमध्ये माझी चार पासबुकं आहेत. एक पेन्शनचं, एक सौ.बरोबरचं, एक पतपेढीचं आणि एक कशासाठी काढलं ते आता बँकेलाही आठवत नाही. दर सोमवारी मी ती छपाईच्या यंत्राला एकेक करून भरवतो. यंत्र दोन पचवतं, दोन परत फेकतं. त्यात अकरा वाजतात. मग अमेरिकेत सोमवारी अकरापर्यंत करायचं काय?

नोटांच्या रूपात तीन हजार डॉलरपर्यंत नेता येतात. मी पाचशे नेले, बाकीचे फॉरेक्स कार्डात भरले. पन्नासेक वर्षांपूर्वी लोक खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला जात. आमच्या एका काकांचे ते आठ डॉलर दर लग्नकार्यात सांगून सांगून आता साडेतीनवर आले आहेत.

न्यूअर्कला उतरलो. अधिकाऱ्याने "कशाला आलात?" विचारलं, मी नातवाचा फोटो दाखवला, सहा महिने मिळाले. एडिसनच्या ओक ट्री रोडवर तर घाटकोपर पूर्वेला उतरल्यासारखं वाटलं. तेच ढोकळे, त्याच साड्या. मेथीची जुडी उचलली आणि सवयीने फोन काढून क्यूआर कोडचा कागद शोधू लागलो. तो तेवढा नव्हता. मग नाणी मोजणं आलं. त्यांचं पाच सेंटचं नाणं दहा सेंटच्या नाण्यापेक्षा मोठं! मोठेपणाचा आणि किमतीचा संबंध नसतो हे मी सोसायटीच्या कमिटीत शिकलो होतो, तरी फसलो.

"बाबा, तुम्हाला इथे खर्च काय आहे? माझं ॲड-ऑन कार्ड वापरा," मुलगा म्हणाला. वापरलं. नातवाच्या वाढदिवसाला त्याच कार्डावर सायकल घेतली. संध्याकाळी मुलाने फोन बघितला आणि म्हणाला, "बाबा, एवढी महाग कशाला घेतलीत?" अडुसष्टाव्या वर्षी आपण दिलेल्या भेटीचा मेसेज मुलाला जातो. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घेऊन मी चालत बँकेत गेलो.

दारातच एका तरुणीने "आज कसे आहात?" असं विचारलं. मुलुंडच्या शाखेत तीस वर्षांत कोणी विचारलं नाही, तेव्हा मी रक्तदाबापासून सांगायला सुरुवात केली. तिने ऐकलं. कॉफी दिली. पासपोर्ट चालेल, सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी एक फॉर्म भरून काम होईल, पत्त्याचा पुरावा म्हणून मात्र काहीतरी आणा, म्हणाली. विजेचं बिल मुलाच्या नावावर, घर सुनेच्या नावावर. माझ्या नावावर एडिसनमध्ये फक्त लायब्ररीचं कार्ड होतं. तेही चालतं का बघते, म्हणाली! आणि जाताना पेन दिलं. दोरी नसलेलं.

"पासबुक कधी मिळेल?" मी विचारलं. तिला तो शब्द समजावायला वीस मिनिटं लागली.

रात्री नऊला, म्हणजे मुलुंडच्या सकाळी साडेसहाला, आमच्या पाच रस्त्यावरच्या सीएंना आनंदाने फोन लावला. पलीकडे चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काका, शंभर डॉलरचं असलं तरी ते परदेशी खातं. तुमचा सहज फॉर्म गेला."

"सहज कसा गेला?"

"आयटीआर-1 ला सहजच म्हणतात. आता आयटीआर-2, त्यात परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए. आणि तिथे आकडे एप्रिल-मार्चचे नाहीत, जानेवारी-डिसेंबरचे."

"पण मी तर अमेरिकेत राहतोय."

"सहा महिने. कायद्याच्या हिशेबाने तुम्ही मुलुंडमध्येच आहात. 2015 चा काळ्या पैशाचा कायदा आहे. छोट्या खात्यांना दंडातून सूट मिळाली आहे, पण माहिती भरायचीच."

माझा पैसा काळा ठरू शकतो, हे ऐकून क्षणभर छाती फुगली. पण सौ.ने फोन घेतला, "तुमची फी किती वाढेल?" एवढंच विचारलं आणि ठेवला. खातं राहिलं. त्यासाठी काढलेले शंभर डॉलर सायकलच्या हिशेबात मुलाला देऊ केले. त्याने घेतले नाहीत. ते मी त्याच्या साखरेच्या डब्याखाली ठेवले. महिनाभराने ते माझ्या चपलेत सापडले.

परतल्यावर पहिल्याच सोमवारी शाखेत गेलो. सहा महिन्यांच्या ओळी छापून घ्यायच्या होत्या. यंत्र बंद होतं. रांगेतल्या एका मुलाने वळून विचारलं, "काका, पेन आहे का?" दिलं. त्याने चलन भरलं, पेन खिशाला लावलं आणि ठाण्याची लोकल पकडायला पळाला.