विमानाला लागलेला ठसका

विमानाच्या संडासात बिडी पेटवून बघा. पहिला झुरका छातीत उतरायच्या आत छतातलं यंत्र बोंब मारेल, हवाई सुंदरी दार बडवेल आणि खाली उतरल्यावर स्वागताला पोलीस असतील. तंबाखूच्या बाबतीत विमान भलतंच सोवळं. पण विमानाच्याच इंजिनानं केबिनमध्ये तेलाचा धूर सोडला, तर तो ओळखायला बहुतेक विमानांत यंत्रच नाही. ती कामगिरी हवाई सुंदरीच्या नाकाकडं.

१२ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री गोव्याहून हैदराबादला निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानात असाच धूर कोंडला. आत ८६ प्रवासी. विमान हैदराबादला सुखरूप टेकलं, लोकांना संकटकालीन दारांतून उतरवलं, एका प्रवाशाच्या पायाला खरचटलं आणि तिकडं येणारी आणखी नऊ विमानं दुसरीकडं वळवावी लागली. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या तपासात इंजिनाचं तेल हवेच्या झडपेत सापडलं. तिथून ते थेट एसीत. मग हुकूम सुटला की कंपनीनं या जातीच्या सगळ्या विमानांच्या इंजिनतेलाचे नमुने दर १५ दिवसांनी तपासायला धाडावेत. मधुमेह्यालासुद्धा लॅबवाला इतक्या वेळा बोलवत नाही.

आता तेल एसीत शिरलं कसं? विमानात आपण घेतो ती ताजी हवा खिडकीतून येत नाही. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये दाबून तापलेली हवा थंड करून आत सोडतात. तिथलं सील झिजलं की हवेबरोबर तेलाची वाफही येते, आणि तिला वास येतो न धुतलेल्या मोज्यांचा! त्यामुळं पहिला संशय इंजिनावर जातच नाही, बूट काढून पेंगणाऱ्या एखाद्या काकांवर जातो. काकांचे पाय हुंगून होईस्तोवर नाकालाही त्या वासाची सवय होते आणि ‘आता येत नाही’ असा शेरा पडतो. २०११ पासून प्रवासी नेणाऱ्या बोइंग ७८७ मध्ये ही हवा इंजिनातून न घेता विजेवरच्या वेगळ्या कॉम्प्रेसरनं घेतात. म्हणजे औषध ठाऊक आहे. बाकीच्यांनी तूर्त नाकावर भागवलंय.

नाकावरच भागवायचं असेल, तर भरती गडहिंग्लजला काढा. आमच्या बाजार समितीत संकेश्वरी मिरचीचा सौदा निघतो तेव्हा परगावचा पाहुणा फाटकातूनच शिंकत माघारी फिरतो. व्यापारी मात्र ढिगातून मूठभर मिरची उचलतो, देठ मोडतो, नाकाशी नेतो आणि दर बोलून मोकळा. ना फॉर्म, ना नमुना, ना १५ दिवस.

तिथल्याच एका मापाड्याला मी हे सगळं सांगितलं. तोंडाला टॉवेल बांधून काटा बघता बघता त्यानं विचारलं, “मग पायलट काय करत्यात वो?”

“ते ऑक्सिजनचा मास्क चढवतात, मामा.”

“आन् आपल्या डोक्यावर लोंबकळत्यात ते?”

“ते हवेचा दाब गेला तर. धुरात उपयोग नाही, त्यांत आतलीच हवा मिसळते. प्रवाशांनी नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं.”

मामांनी टॉवेल हनुवटीखाली ओढला. “म्हंजे फडकं आमचं, नाक आमचं... आन् तिकिटाचं पैसं त्यांचं?”