निष्ठावान कार्यकर्त्यांना अनावृत पत्र

प्रिय कार्यकर्तेहो,



घोटाळा बाहेर आला की बाकीचे लोक कागदपत्रं मागतात. आपण एवढंच विचारता, "माणूस कुणाचा?" ही पद्धत सरकारने आधीच स्वीकारली असती तर चौकशी आयोगांचे मानधन आणि चहापाणी वाचले असते.

आपल्या हातोटीचा अस्सल नमुना म्हणजे 'आदर्श'. कुलाब्यातली 31 मजली इमारत. तिथे नातेवाइकांना फ्लॅट मिळाल्याच्या आरोपांवरून मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना नोव्हेंबर 2010 मध्ये खुर्ची सोडावी लागली. काँग्रेसवाल्यांचं त्यामुळे फारसं अडलं नाही. चव्हाण 2014 च्या मोदी लाटेत नांदेडमधून खासदार झाले, 2015 ला प्रदेशाध्यक्ष. भाजपवाल्यांना मात्र 'आदर्श'शिवाय भाषण आळणी लागे.

डिसेंबर 2017 मध्ये चव्हाणांवर खटला चालवण्याची राज्यपालांची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. दोन्हीकडची मतं जागची हलली नाहीत. कोर्टाच्या निकालाने ढळेल ती निष्ठा कसली?

ती ढळायला फेब्रुवारी 2024 उजाडावा लागला. 8 तारखेला केंद्र सरकारने संसदेत श्वेतपत्रिका मांडली. यूपीए काळातल्या घोटाळ्यांच्या यादीत 'आदर्श' होतंच. 13 तारखेला चव्हाण भाजपमध्ये दाखल झाले आणि पुढे राज्यसभेवर बिनविरोध गेले. श्वेतपत्रिका ते पक्षप्रवेश या पाच दिवसांत इमारतीचा एक मजलाही कमी झाला नव्हता. तरी भाजपवाल्यांना ती दिसेनाशी झाली, आणि काँग्रेसवाल्यांना 13 वर्षांनी लख्ख दिसू लागली.

ही कला फक्त आपल्याकडेच आहे, असं समजून फुशारू नये. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक कामात नीतीने वागू शकतो का, असं अमेरिकेत पीआरआरआय या संस्थेने विचारलं. 2011 मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांपैकी 30 टक्के 'हो' म्हणाले. ऑक्टोबर 2016 मध्ये 72 टक्के. दरम्यान रिपब्लिकन पक्षाने डोनाल्ड ट्रम्प यांना उमेदवारी दिली होती. बायबल जुनंच होतं.

एक विनंती: मोर्चाचे जुने फलक भंगारात देऊ नयेत. नाव तेवढं खोडून माळ्यावर टाकावेत. पक्षांतरांची मेगाभरती काही संपलेली नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मतदार

ता. क. : 2024 च्या लोकसभेला नांदेडकरांनी काँग्रेसला निवडून दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नांदेड जिल्ह्यातल्याच भोकरने अशोकरावांच्या कन्येला भाजपच्या तिकिटावर आमदार केलं. यातला 'जनतेच्या न्यायालयाचा निकाल' कोणता, हे पक्ष कार्यालयातून कळेपर्यंत कृपया फटाके फोडू नयेत.