काळजी कसली, टोमणाच तो

‘तब्येतीची काळजी घ्या ताई.’ पुढे हात जोडलेली खूण.

एखाद्या जाड बाईने स्वतःचा फोटो टाकला की ही प्रतिक्रिया खाली येतेच. तिच्या वरखाली ‘म्हैस’, ‘टाकी’, ‘जेसीबी’, ‘भूकंप आला’ असलं सगळं असतं. पण त्या उघड शिव्यांपेक्षा मला या हात जोडणाऱ्यांचा जास्त राग येतो. शिवी देणारा निदान लपत तरी नाही. हे महाशय डॉक्टरकीचा आव आणून तेच बोलतात, आणि त्या बाईच्या तब्येतीबद्दल त्यांना काडीची माहिती नसते. तिची साखर, तिचा थायरॉइड, ती रोज किती चालते, कुठल्या गोळ्या घेते, यातलं काहीही माहीत नसताना नुसत्या नजरेने निदान.

नजरेने काही कळत नाही, हे आपल्या पुण्यातच सिद्ध झालेलं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे दोघंही जाड नव्हेत. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळंही मोजली होती. सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅम कमी. हातापायांवर, पोटावर मांस नाही, पण पाठीवरच्या कातडीखाली चरबी मात्र जवळपास इंग्लंडच्या बाळांइतकीच. बारीक दिसणाऱ्या भारतीयांना मधुमेह का गाठतो, याचं एक मोठं उत्तर तिथे आहे. तेव्हा रात्री अकरा वाजता परक्या बाईला काळजी घ्यायला सांगणाऱ्या सडपातळ काकांनी उद्या सकाळी उपाशीपोटी स्वतःची साखर तपासून यावी. मी हे मनापासून सांगतेय.

वजनाचा आणि गुडघ्यांचा, रक्तदाबाचा, मधुमेहाचा संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. आहे. पण तो तिने आणि तिच्या डॉक्टरने, रिपोर्ट समोर ठेवून, दार लावून बोलायचा विषय आहे. आणि ज्या बीएमआयच्या जोरावर हे निदान चालतं, तो मुळात एकोणिसाव्या शतकात आदोल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाने लोकसमूहाची सरासरी काढायला मांडला. एकेका माणसाची तब्येत ठरवायला तो बसलाच नव्हता.

‘अहो, पण बोललं नाही तर सुधारणार कसे?’ हा पुढचा युक्तिवाद. बोलून सुधारतात का, तेही तपासून झालंय. अमेरिकेत ६ हजारांहून अधिक प्रौढांची चार वर्षांच्या अंतराने पाहणी झाली आणि २०१३ साली निष्कर्ष आले. वजनावरून ज्यांना वाईट वागणूक मिळत होती, त्यांच्यातली जी माणसं सुरुवातीला लठ्ठ नव्हती, ती पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे अडीच पट निघाली. लाजवून कोणी बारीक होत नाही. लाजवलेली बाई व्यायामाला जात नाही, कारण तिथे आरसे आहेत आणि मोबाइल उगारून बसलेली माणसं आहेत. ती पोहायला जात नाही. दवाखान्यात जायचंही टाळते, कारण कान दुखतोय म्हणून गेलं तरी आधी काट्यावर उभं करतात.

मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी चालू असताना काँग्रेसच्या प्रवक्त्या शमा मोहम्मद यांनी एक्सवर लिहिलं, की खेळाडूच्या मानाने रोहित शर्मा जाड आहे, त्याने वजन कमी करायला हवं. गदारोळ झाला. पक्षाने हात झटकले, पोस्ट काढायला लावली. ९ मार्चला अंतिम सामन्यात रोहितने ७६ धावा केल्या, सामनावीर ठरला, करंडक उचलला. मग एकच जल्लोष झाला: बघा, कशी तोंडं बंद केली! रोहितसाठी मलाही आनंद झाला, पण त्या जल्लोषातला हिशेब काही पटला नाही. समजा तो शून्यावर बाद झाला असता, तर तो टोमणा रास्त ठरला असता का? जाड माणसाला नीट वागवायला आधी करंडक लागत असेल, तर ज्यांच्या हातात करंडक नाही त्यांनी काय करायचं? बँकेतल्या रोखपालाने, अंगणवाडीच्या ताईने, दहावीतल्या पोराने?

सरफराज खानला तर धावाही पुरल्या नाहीत. तो मुंबईकडून रणजीत धावांचा रतीब घालत होता आणि भारतीय संघाचं दार बंद होतं, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये सुनील गावस्करांनी निवड समितीला सुनावलं, की शिडशिडीतच पोरं हवी असतील तर फॅशन शोला जा, मॉडेल निवडा आणि त्यांच्या हातात बॅट-बॉल द्या. २०२४ साली राजकोटला पदार्पणातच दोन अर्धशतकं झाली, त्याच वर्षी बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध दीडशे झाले. तरी चर्चा त्याच्या पोटाची. २०२५ साली त्याने १७ किलो वजन उतरवलं आणि फोटो टाकला. काय ती वाहवा! दीडशे धावांना एवढी झाल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं मोबाइलने आणलं असंही नाही. उमादेवी खत्री ही गायिका होती. १९४७ च्या ‘दर्द’मधल्या तिच्या गाण्यांनी तिचं नाव झालं. पुढे ती विनोदी भूमिकांकडे वळली आणि ‘टुणटुण’ झाली. तिचा आवाज विसरला गेला. तिचं पडद्यावरचं नाव मात्र शाळेशाळेत जाड मुलींना चिडवायला पुढे कित्येक पिढ्या वापरलं गेलं. लग्नाच्या पंगतीत ‘किती सुटलीस गं’ म्हणणारी आत्या आपल्या सगळ्यांना आहे. ‘खात्यापित्या घरची दिसते’ म्हणून हसणारे मामाही आहेत. पण आत्याचं बोलणं पंगत उठली की विरायचं. आता ते फोटोखाली छापील राहतं, त्याला शंभर लोक बदाम देतात, आणि भांडण पेटलं की तो फोटो आणखी हजार जणांपुढे ढकलला जातो. कारण यंत्राच्या लेखी शिवी आणि शाबासकी दोन्ही सारख्याच. लोक थांबले, बोलले, एवढंच त्याला मोजायचं असतं. आत्याला तिच्या टोमण्याचे पैसे मिळत नव्हते. इथे कोणाला तरी मिळतात.

या कंपन्यांना काही ठाऊक नाही, असंही नाही. २०२० साली ‘द इंटरसेप्ट’ने टिकटॉकची आतली कागदपत्रं बाहेर काढली. जाड, सुटलेल्या पोटाची, सुरकुत्या पडलेली माणसं दिसणारे व्हिडिओ नव्या प्रेक्षकांपुढे नेऊ नयेत, अशा सूचना त्यांत लिहिलेल्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये टिकटॉक भारतात बंद झालं आणि आपली पोरं रील्सवर आली. २०२१ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचा स्वतःचाच अभ्यास छापला. शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं, की इन्स्टाग्रामने ते आणखी वाईट वाटायला लागतं. म्हणजे कंपनीने मुलींना विचारलं, मुलींनी उत्तर दिलं, आणि ते कंपनीच्याच फायलीत पडून राहिलं.

माझी भाची अकरावीत आहे. गॅदरिंगचा फोटो टाकण्याआधी ती काय करते, ते मी शेजारी बसून पाहिलं. आधी एका ॲपमध्ये चेहरा गुळगुळीत केला. मग दोन बोटांनी दंड आत ढकलला, मग कंबर, मग हनुवटीच्या खालचा भाग. दंडामागे जिन्याचा कठडा होता, तोही दंडाबरोबर आत वाकला. ते तिच्याही लक्षात आलं. तिने दंड थोडा बाहेर आणला, कठडा सरळ झाला. मग दंड पुन्हा जाड दिसायला लागला म्हणून शेवटी कठडाच कापून टाकला. हे सगळं तिने इतक्या सराईतपणे केलं की मला बोलायलाच सुचेना. मुलगी मजबूत आहे, कबड्डी खेळते, चढाईला जाते. तोच दंड समोरच्याची पकड सोडवतो.

नॉर्वेने २०२१ साली कायदा केला: पैसे घेऊन टाकलेल्या जाहिरातीत अंगाचा आकार बदलला असेल, तर तसं फोटोवरच लिहायचं. जुलै २०२२ पासून तो लागू आहे. आपल्याकडेही हवा. भाचीसारख्या मुलींवर नको, तर त्यांच्यापुढे कंबर विकणाऱ्यांवर हवा. ‘९० दिवसांत आधी आणि नंतर’च्या रील्स पाहा. ‘आधी’च्या फोटोत पोट सोडलेलं, दिवा पिवळा, चेहरा पडलेला, ‘नंतर’च्या फोटोत श्वास आत, दिवा पांढरा, हसू. खाली चूर्णाची नाहीतर चहाची लिंक. जाड माणसाला नकोसं वाटायला लावणं हा या धंद्याचा कच्चा माल आहे.

आता इंजेक्शनं आलीत. मौन्जारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. ज्यांना गरज आहे त्यांना डॉक्टरच्या देखरेखीखाली ती जरूर मिळावीत. पण बारीक झालं की टोमणे थांबतात, या भ्रमात कोणी राहू नये. करण जोहर बारीक झाला, तर लोक ‘आजारी आहेस का’ म्हणून मागे लागले. आपण ठणठणीत आहोत, हे त्याला सगळ्यांसमोर येऊन सांगावं लागलं. हरनाज संधू २०२१ ची मिस युनिव्हर्स. आधी ती काटकुळी म्हणून हिणवली गेली, पुढच्याच वर्षी वजन वाढलं म्हणून. तिला सीलिॲक आजार आहे, गहू चालत नाही, हेही तिला जाहीर सांगावं लागलं. स्वतःचा दवाखान्याचा कागद लोकांपुढे धरल्याशिवाय सुटका नाही, ही कुठली रीत?

मराठी पडद्याने गेल्या काही वर्षांत थोडं धाडस केलं, ते नोंदवायला हवं. कलर्स मराठीवर २०२० साली ‘सुंदरा मनामध्ये भरली’मध्ये अक्षया नाईकची लतिका आली, झी मराठीवर २०२१ साली ‘येऊ कशी तशी मी नांदायला’मध्ये अन्विता फलटणकरची स्वीटू आली. दोघी नायिका, दोघी भरलेल्या अंगाच्या, दोघी घराघरांत आवडल्या. त्याच वर्षी जानेवारीत ‘हास्यजत्रे’तल्या वनिता खरातने तेजस नेरूरकरच्या कॅमेऱ्यासमोर विवस्त्र उभं राहून आपल्या शरीराचा आपल्याला अभिमान असल्याचं सांगितलं. कौतुकही झालं, चिखलफेकही. त्या कौतुकात ‘काय हिंमत आहे’ हेच जास्त होतं. बारीक नटीच्या फोटोला कोणी शौर्यपदक देत नाही.

लतिकेची गोष्ट तिच्या वजनापासूनच सुरू होते, आणि पहिलं पाऊल म्हणून ते ठीकच होतं. आता मालिका लिहिणाऱ्यांकडे माझं पुढचं मागणं आहे. जाड बाई पोलीस निरीक्षक दाखवा. जाड बाई वकील दाखवा, कारस्थानी जाऊ दाखवा, दोन पुरुष जिच्यासाठी भांडतात अशी दाखवा. तिच्या ताटात किती पोळ्या आहेत हे कॅमेऱ्याने दाखवू नये, ती चालताना मागे ढोल वाजवू नये, आणि हजार भागांत एकाही पात्राने तिच्या वजनाचा विषय काढू नये.