वरच्या बर्थवरचा पोर्टफोलिओ

परभणीत डिझाइनचं काम पाहायला कुणाचं दार ठोठवावं लागत नाही. वसमत रोडनं मान जरा वर करून चालावं. फ्लेक्सवर अमुकभाऊंचा वाढदिवस, तमुकरावांची निवड, खाली गोल चौकटींतले हसरे शुभेच्छुक. याचा कर्ता कुठल्याशा गाळ्यात कोरलड्रॉसमोर बसलेला असतो. त्याचा पोर्टफोलिओ दोन-चार दिवस चौकात झुलतो आणि मग एखाद्या शेतात कडब्याच्या गंजीवर पांघरला जातो. कलादालनातल्या चित्रांना इतकं उपयोगी म्हातारपण क्वचितच लाभत असेल. फ्लेक्सआधीच्या काळातले पेंटर निदान पाटीच्या कोपऱ्यात बारीक सही करत. दुकान बुडालं, मालक गाव सोडून गेला, तरी सही उन्हात तशीच मालकी सांगत राही.

माझी पुतणी अशाच एका गाळ्यात लग्नपत्रिका जुळवत हे काम शिकली. एलिमेंटरी, इंटरमीजिएट, मग उपयोजित कला; आणि आता मुंबईला मुलाखत. काम दाखवायचं कशावर, यावरून घरात दोन पक्ष पडले. मैत्रिणींचं म्हणणं, ऑनलाइन काम दाखवायचं ते बिहान्स कशासाठी आहे? तिथं टाक, लिंक पाठव, मोकळी हो. वहिनी म्हणाल्या, "मोबाईल त्यांच्याकडंबी आहे की. त्यात ते काय नवं बघायलेत?"

मी मनानं वहिनींच्या, म्हणजे कागदाच्या पक्षात. ऑनलाइन कामाला वजन नसतं, रात्री दोन वाजता चुकलेली वेलांटी सुधारता येते, हलतं चित्र हलतं दाखवता येतं, हे सगळं मान्य. पण पडद्यावर आपलं काम बघणाऱ्याच्या अंगठ्याच्या दयेवर जगतं. शिवाय देवनागरीचा स्वभाव मानी. र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट विंडोजसोबत घरोघरी गेला खरा, पण गाळ्यातली पत्रिका असते श्रीलिपीत. अक्षरं कर्व्ह करायची राहिली आणि समोरच्या संगणकात तो फॉन्ट नसला, की चि. सौ. कां. वधूच्या जागी रोमन अक्षरं नि स्वल्पविराम बोहल्यावर उभे राहतात. कागद असा ऐनवेळी उलटत नाही. त्याचा त्रास वेगळाच: ए-थ्री आकाराचं फोल्डर देवगिरी एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये सीटखाली घालवत नाही, उभं ठेवलं तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या गुडघ्याला लागतं, आणि शेवटी नव्या नवरीसारखं वरच्या बर्थवर एकटं, अवघडून बसतं.

पोर्टफोलिओ छापून आला त्या संध्याकाळी तिच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, हात धुतले, पंचाला पुसले आणि ते पान पान उलटू लागले. पोरगी सारखी फोनमध्ये असते, ही त्यांची जुनी तक्रार. त्या फोनमध्ये इतकी वर्षं काय चाललं होतं, ते त्यांच्या मांडीवर पहिल्यांदाच उतरत होतं. एका मुखपृष्ठावर बोट टेकून म्हणाले, "हे तू काढलंस?" तिनं मान हलवली. त्यांनी बोट उचलून पान पुन्हा पंचानं पुसलं.

शेवटच्या पानावर तिनं मैत्रिणींचाही मान राखला होता: कोपऱ्यात छोटासा क्यूआर कोड. दादा थबकले.

"हे स्कॅनर कशाला? मुलाखतीचे पैसे आपणच द्यायचे का काय?"

"नाही बाबा, त्यांनी स्कॅन करायचं. काम दिसतं."

"नुसतं कामच दिसतं?" दादा म्हणाले. "आपला नंबर पण टाकायचा होता की."