वळीव यावा की न यावा?

“काकू, झाला का बाजार?”

“कसला बाजार! कोथिंबिरीची पेंडी तीस रुपये म्हणतीया. उलगडून बघावं तर निम्म्या दांड्या.”

“वैशाखात दुसरं काय मिळणार? तिकडं माण-खटावला विहिरी तळाला लागल्यात. पालेभाजीला पाणी लागतं, आणि ऊन तापलं की कोथिंबीर पान धरायच्या आधीच फुलावर येते. उरलीसुरली लगीनसराईत आचारी उचलतात.”

“म्हणून गवारीकडं वळले, तर तिचा तोरा त्याहून मोठा.”

“एकेक शेंग तोडायची, वर अंगाला खाज. तोडणाऱ्या बाईची मजुरी देऊन शेतकऱ्याला काय उरणार? सध्या दोडका, दुधी, काकडी घ्या. ही मंडळी उन्हाला भीत नाहीत.”

“टोमॅटो तेवढा स्वस्त हाय बाई. वर दोन टाकले तिनं.”

“त्याचीच भीती वाटते. 2023 आठवतं ना? मे महिन्यात भाव नाही म्हणून लोकांनी रस्त्यावर ओतला, पिकं मोडली. जुलैत किलो शंभराच्या वर!”

“व्हय की. आन् तासगावला माहेरी काय म्हणतंय?”

“भावाचा बेदाणा शेडवर आहे अजून. चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा किलोभर बेदाणा हाती येतो. त्यात वळवाचा पाऊस शिरला तर माल काळा पडतो, सौद्यात भाव पडतो. ढग दिसला की त्याला घास गिळत नाही.”

“आन् हितं आम्ही विहिरीत डोकावून वळवाची वाट बघतोय! देवानं कुणाचं ऐकावं?”

“आंबा आणला का?”

“पेटीवर देवगड छापलंय, वास म्हणाल तर नाही. पोराला दटावलं, तर म्हणतो, कर्नाटकातनं चिपळूणमार्गे आलाय. म्हटलं, एवढा हिंडून दमला असंल! आता रसाला पायरीच आणीन.”

“त्यापेक्षा जावळीकडच्या बाया करवंदं घेऊन बसल्यात.”

“घेतली की, दोन द्रोण. त्यांच्याशी मी घासाघीस करत न्हाई. काटे त्यांनी सोसलेत.”

“आणि लिंबं?”

“नाव काढू नका. 2022 च्या एप्रिलात दहाला एक घेतलंय मी.”

“उन्हाळ्यात लिंबू हवं तर हस्त बहार धरावा लागतो. त्यासाठी भर पावसाळ्यात झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा. पाऊस कुणाचं ऐकतो? मग फळ थोडं आणि सरबत सगळ्यांनाच पाहिजे.”

“एवढं ठाऊक हाय, तर तुमच्या लिंबाची फांदी आमच्या अंगणात वाकलीय, तिचं काय करायचं?”

“खुशाल तोडा. मृगाआधी तुमचं कैरीचं लोणचं पडेल, त्यातली एक बरणी मी आत्ताच धरून ठेवलीय.”

“बरणी? चार लिंबांत? या बयेला सौद्यावर बसवा कुणीतरी!”