टॉवेल ठेवायची दांडी

बोर्डीच्या किनाऱ्यावर सकाळी सुरूच्या बनाच्या कडेने फिरणाऱ्या कुणाही आजोबांना विचारा, हातात काठी कशाला? उत्तर ठरलेलं. ‘‘कुत्री फार झालीत हो!’’ गुडघ्याचं नाव कुणी काढत नाही. ओहोटीला इथला समुद्र पार लांब जातो, ओली वाळू टणक आणि सपाट, चालायला रस्त्यापेक्षा बरी. तरी चार पावलांमागे काठी एकदा भार घेतेच. कुत्री बिचारी अंगाची वळकटी करून झोपलेली असतात.

माझं असं मत झालं आहे, की म्हातारपणीच्या साधनाला लाकूड, रबर, स्टील यांच्याइतकाच आणखी एक कच्चा माल लागतो, तो म्हणजे निमित्त. ते नसेल तर साधन कितीही गुणाचं असो, त्याची रवानगी माळ्यावर.

मोठ्या काकांचंच घ्या. मुंबईहून मुलाने न्हाणीघरात धरायला स्टीलची दांडी पाठवली आणि सोबत बसून आंघोळ करायची खुर्ची. पांढरी, प्लॅस्टिकची, पायांना रबरी टोप्या, बसायच्या जागी पाणी निथळायला भोकं. काकांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, ‘‘मला दवाखान्यात कधी भरती केलंत?’’ खुर्ची पडवीत गेली, तिच्यावर चिकूची पाटी बसू लागली. दांडी मात्र काकूंनी ‘टॉवेल ठेवायला’ म्हणून मिस्त्रीला बोलावून बसवून घेतली. आता काका रोज टॉवेल ठेवायला जातात. बसताना दांडी घट्ट धरतात, उठताना पुन्हा धरतात. टॉवेल तेवढा खांद्यावरच राहतो.

आत्याचं निमित्त वाडीतूनच आलं. चिकू उतरवायचा झेला आमच्याकडे घरोघरी. लांब बांबू, टोकाला कडं, कड्याला जाळी. फळ जाळीत घ्यायचं, हलका हिसका द्यायचा. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, झेल्याला अजून कुणी विचारलेलं नाही. आत्याच्या झेल्याचा बांबू एका पावसाळ्यात चिरला, तेव्हा तिने तो कमरेएवढा कापून घरात घेतला. खाटेखाली गेलेली चप्पल, कपाटावरची पिशवी, घरंगळत कोपऱ्यात गेलेली गोळ्यांची डबी, सगळं ती फळासारखं अलगद जाळीत घेते. वाकणं नाही, स्टुलावर चढणं नाही. याच कामाचा चिमट्याचा दांडा बाजारात मिळतो. भाच्याने तो आणून दाखवला, तर म्हणाली, ‘‘छान आहे. पण हे म्हाताऱ्या माणसांसाठी असतं ना?’’ आत्या ऐंशीच्या पुढे आहे.

निमित्ताची ही किंमत अमेरिकेतल्या सॅम फार्बर नावाच्या गृहस्थांना बरोबर कळली होती. त्यांच्या पत्नीच्या हातांना संधिवात. साधं सोलाणं धरायचं तर बोटं दुखायची, कारण बारीक पत्र्याच्या दांड्याला मूठ जास्तच आवळावी लागते. फार्बर यांनी जाड, मऊ रबरी मुठीचं सोलाणं तयार करवून घेतलं आणि 1990 मध्ये ‘ऑक्सो’ या नावाने बाजारात आणलं. शहाणपण असं, की ते औषधांच्या दुकानात ठेवलं नाही. स्वयंपाकघराच्या वस्तूंमध्ये, सगळ्यांसाठी म्हणून ठेवलं. धडधाकट हातांनीही ते उचललं, आणि दुखऱ्या हातांना त्या गर्दीत बिनबोभाट मिसळता आलं.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आमच्या बोर्डीतच खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. माँटेसरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पानं, जे गावात फुकट मिळतं त्यातून साधनं उभी राहिली. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच वस्तीच्या अंगणात भरली. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि देशभर नावाजलं. मुलं शंख मोजत होती ती खेळ म्हणून, गणित त्यात हळूच शिरत होतं. निमित्त इथेही होतंच.

हीच नजर ऐंशीच्या वयाला लावायला हरकत नाही. हाताशी आहे त्यातून करा, वापरणाऱ्याच्या मापाने करा, त्याच्या अंगणात नेऊन करा. एक अडचण मात्र आहे. मुलाला मोठं व्हायची घाई असते, त्याला ‘आता तू मोठा झालास’ म्हटलं की तो खुलतो. आजोबांना तेच म्हणून बघा! त्यांच्यासाठी वस्तू आणायची ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर. जिन्याला कठडा नातवंडांसाठी. रात्रभर मंद दिवा देवासाठी. उंबरठ्याला पिवळा पट्टा दिवाळीसाठी. कमोड तर आमच्या अख्ख्या गावात पाहुण्यांसाठीच बसवलेले आहेत. त्या हिशेबाने बोर्डीत येणारे सगळे पाहुणे गुडघेदुखीचे असावेत.

कुणी म्हणेल, हे ढोंग झालं. असेल. पण या ढोंगाने कुणाचं नुकसान होत नाही, आणि न्हाणीघरात पाय घसरण्यापेक्षा टॉवेलाची थाप परवडली. तेव्हा ज्येष्ठांसाठी साधनं बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं, की खोक्यावर पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं छापू नका. ‘घरातल्या सर्वांसाठी’ एवढं लिहा, बाकीचं निमित्त आमचं आम्ही शोधू. शोधायची सवय लवकर लावलेली बरी. मोबाईलवरची अक्षरं मी अलीकडेच मोठी करून घेतली आहेत. हिला चष्म्याशिवाय वाचता यावीत म्हणून.